परग्रहावरचा प्रियकर आणि जुना आघात : प्रेमाने बरे होणे कथेत खरे कसे वाटेल?

संध्यामेघ (धागालेखिका)

नमस्कार. गेले वर्षभर मी एक विज्ञानकथा लिहीत आहे. ती मुळात प्रेमकथाच आहे, आणि तिचे सहावे प्रकरण माझ्या हातून तीनदा फसले आहे. विज्ञानकथा आणि प्रणयकथा दोन्ही मनापासून वाचणारी मंडळी इथे आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

कथा थोडक्यात अशी. शर्वरी गुरूच्या कक्षेतील एका स्थानकावर अभियंता आहे. एके दिवशी स्थानकाच्या एका भागातून हवा गळू लागते आणि उरलेल्यांना वाचवण्यासाठी मधले दार बंद करावे लागते. ते दार बंद करणारा तिचा जोडीदार असतो आणि ती दारापलीकडे अडकलेली असते. अंतराळपोशाखातल्या हवेवर ती सात तास काढते आणि वाचते. चौकशीत असे ठरते की त्याने नियमाप्रमाणे योग्य तेच केले. तिलाही ते पटते, आणि नेमके तेच तिला सोसवत नाही, कारण ज्याच्यावर रागवावे असा कोणी उरतच नाही.

तीन वर्षांनी ती परग्रहवासीयांच्या यानावर संपर्कमोहिमेत रुजू होते आणि तिथे तिची ओथ या परग्रहवासीशी गाठ पडते. आता अडचण सांगते. पहिल्या मसुद्यात ओथ तिच्या मनात शिरून ती आठवण पुसून टाकतो. दुसऱ्यात तो तिला सगळे बोलायला लावतो, ती रात्रभर रडते आणि सकाळी मोकळी होते. तिसऱ्यात त्याच्या जमातीत जोड्या जन्मतःच ठरलेल्या असतात आणि आपली जोडी हीच, हे कळताच तिची भीती ओसरते. तिन्ही मसुदे मी स्वतः मोठ्याने वाचून पाहिले आणि तिन्ही वेळा मला शर्वरीची फसवणूक केल्यासारखे वाटले. ती एवढी सोसून आली, आणि मी तिला एका रात्रीत मोकळी करून टाकली. कुठे चुकते आहे हे मला नेमके कळत नाही, म्हणून विचारते आहे.

चांदणवाट

तिसऱ्या मसुद्याची बाजू मी घेणार आहे, कारण जन्मजोडीच्या कथा मी अनेक वर्षे वाचत आले आहे आणि त्यांना बाळबोध म्हणून बाजूला सारले जाते तेव्हा मला वाईट वाटते. ज्या माणसाला एकदा सोडून दिले गेले आहे, त्याच्या मनात सतत एकच हिशेब चालू असतो : हा कधी जाईल? जन्मजोडीची कल्पना तो हिशेब बंद करते. समोरचा जाऊच शकत नाही, हे कथेच्या जगाचा नियमच सांगतो, आणि त्या नियमाच्या आधाराने वाचकाला काही तास का होईना, निर्धास्त होता येते. हा निर्धास्तपणा खोटा नाही. माझ्या आयुष्यातल्या एका फार अवघड वर्षात अशाच कथांनी मला रात्री झोप दिली होती.

तरी तुमच्या शर्वरीला तो नियम पुरणार नाही, असे मलाही वाटते. तिचा पहिला जोडीदारही नियमानेच वागला होता. नियमाने बांधलेला माणूस तिला पुन्हा सुरक्षित कसा वाटेल? ओथ जाऊ शकतो आणि तरीही जात नाही, असे तिला दिसायला हवे.

शांतस्वर

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून तिन्ही मसुद्यांविषयी त्या अंगाने लिहितो. चांदणवाट यांचे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले आणि माझे म्हणणे तिथूनच सुरू होते.

जुडिथ हर्मन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1992 साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवणे आणि शोक करणे, आणि त्यानंतर माणसांशी व जगण्याशी पुन्हा जोडले जाणे. हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे नसतात, माणूस पुढे जातो आणि मागेही येतो. परंतु पहिला टप्पा गाळून दुसऱ्यात उडी मारली की काय होते, ते तुमच्या दुसऱ्या मसुद्यात दिसते. ओथ तिला बोलायला लावतो. तिच्या पायाखाली अजून जमीन नाही, आणि तो तिला खोल पाण्यात नेतो. जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसह 2011 साली संकटकाळातील मानसिक प्रथमोपचारांची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात पाहा, ऐका आणि जोडून द्या अशी तीन सूत्रे आहेत, आणि कोणालाही आपली कहाणी सांगायला भाग पाडू नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळे वदवून घेण्याची पद्धत एके काळी सर्रास वापरली जाई. तिच्यामुळे पुढचा त्रास टळत नाही आणि काहींच्या बाबतीत तो वाढूही शकतो, असे अभ्यासांतून दिसल्यावर ती मागे पडली.

याचा अर्थ बोलूच नये असा नाही. एड्ना फोआ या मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत आठवण पुन्हा पुन्हा, तपशीलवार, मोठ्याने सांगितली जाते. पण ती साधारणपणे आठ ते पंधरा बैठकांमध्ये, प्रत्येकी सुमारे दीड तास, प्रशिक्षित माणसासमोर आणि रुग्णाच्या संमतीने. एका रात्रीच्या रडण्यात आणि या कामात मोठे अंतर आहे.

पहिल्या मसुद्याविषयी सांगायचे तर, मनात शिरणे हेच मुळात दार न ठोठावता आत येणे आहे. ज्या स्त्रीच्या वाट्याला आलेला निर्णय दुसऱ्याने घेतला, तिच्या मनातून काय काढायचे हेही दुसऱ्यानेच ठरवले, तर कितीही प्रेमाने केले तरी जुनीच गोष्ट पुन्हा घडते.

सागरतळ

ओथचे शरीर कसे आहे, ते तुम्ही सांगितलेले नाही. परग्रहवासी माणसासारखाच असेल, फक्त कातडी निळी आणि उंची जास्त, तर तो परका कशासाठी हवा, हा प्रश्न मला नेहमी पडतो. माझा विषय सागरी प्राण्यांचा आहे, त्यामुळे मी ऑक्टोपसकडून सुचवणार, हे ओघाने आलेच.

ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे 50 कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश मेंदूत नसून बाहूंमध्ये असतात. बाहू काही प्रमाणात स्वतःच स्पर्श करतो, चव घेतो, पकड घेतो. शरीरापासून तुटलेला बाहूसुद्धा काही काळ टोचल्यावर आक्रसतो. म्हणजे बाहूने काहीतरी धरले आणि मेंदूला ते नंतर कळले, असे या प्राण्याच्या बाबतीत शक्य दिसते. ओथ असा असेल तर प्रेमकथेत संमतीचा प्रश्न केवढा गहन होतो ते पाहा. त्याचे मन विचारायच्या आधीच त्याचा एखादा बाहू तिच्या मनगटाला वेढलेला असेल.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की तुटलेल्या बाहूचे चूषक, म्हणजे बाहूवरच्या चिकटणाऱ्या वाट्या, जवळपास कशालाही चिकटतात, पण ऑक्टोपसच्या कातडीला चिकटत नाहीत. कातडीतले काही रसायन त्यांना रोखते. त्यामुळे एवढे बाहू असूनही हा प्राणी स्वतःच्याच गुंत्यात अडकत नाही. बाहू ज्याला आपले म्हणून ओळखतो, त्याला तो धरत नाही.

संध्यामेघ

सागरतळ, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काहीच लिहू शकले नाही. बाहू ज्याला आपले म्हणून ओळखतो त्याला तो धरत नाही, हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

प्रेमकथेत घट्ट मिठी हे जवळिकीचे चिन्ह मानले जाते आणि मीही तिन्ही मसुद्यांचा शेवट मिठीनेच केला होता. शर्वरी सात तास एका बंद जागेत होती. तिला घट्ट धरणे म्हणजे काय, याचा मी विचारच केला नव्हता. ओथच्या बाहूंनी तिला हळूहळू ओळखावे आणि त्या ओळखीची खूण म्हणून पकड सैल व्हावी, असे लिहिता येईल.

दुसरे म्हणजे, स्वतःच्या बाहूने काय केले हे नंतर कळणे, हा अनुभव शर्वरीचाही आहेच. दाराची कडी वाजली की तिचा हात मानेशी जातो, जिथे शिरस्त्राणाची कडी असायची. तिने तसे ठरवलेले नसते. तीन वर्षे ती या हाताची लाज बाळगून आहे. ज्याच्या जमातीत हातांनी मनाच्या आधी वागणे ही रोजची गोष्ट आहे, असा कोणी तिला भेटला, तर ती पहिल्यांदा कोणाला तरी हे संकोचाशिवाय सांगू शकेल.

शांतस्वर

हे अगदी बरोबर पकडले आहे. धोक्याची चाहूल लागताच मेंदूतील अमिग्डला हा भाग शरीराला हलवतो आणि विचार मागाहून पोहोचतो. माझ्याकडे येणारी माणसे भीतीइतकीच या गोष्टीची लाज घेऊन येतात : मला माहीत आहे की काही धोका नाही, तरी माझे शरीर ऐकत का नाही? आपल्यात काही बिघाड नाही, आपले शरीर आपल्याला वाचवायला धावते आहे, हे कळण्यानेच काही जणांचा निम्मा भार उतरतो. ते कळवून देणारा माणूस आपल्यासारखाच असावा लागत नाही. कदाचित तो आपल्यासारखा नसला तर अधिक बरे, कारण तो आपल्याकडे कोणत्याही अपेक्षेने पाहत नाही.

उत्तररात्र

मी क्वचितच लिहिते, पण इथे लिहावेसे वाटले. काही वर्षांपूर्वी मी एका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये बराच काळ अडकले होते आणि त्यानंतर दीर्घकाळ मी जिनेच चढत होते. मला ज्या माणसाने सर्वांत जास्त मदत केली, त्याने मला कधीही लिफ्टमध्ये चल असे म्हटले नाही. तो माझ्याबरोबर जिने चढायचा आणि दर मजल्यावर थांबून माझ्याकडे बघायचा. मी मान हलवली की पुढे निघायचा. सहा मजले, रोज, तक्रार न करता. एके दिवशी मीच म्हणाले की आज एक मजला लिफ्टने जाऊन बघू. त्याने आधी दार उघडे धरले आणि विचारले, "तू आधी, की मी आधी?" एवढा एकच प्रश्न. मी आत गेले ते त्या प्रश्नामुळे.

कथांमधले नायक प्रश्न विचारत नाहीत, ही माझी तक्रार आहे. त्यांना सगळे आपोआप कळते, आणि न सांगता कळणे म्हणजेच खरे प्रेम, असे आपणही मानत आलो आहोत. मला मात्र असे वाटते की परग्रहवासी नायकाचे मोठे बलस्थान हेच आहे की त्याला काहीही आपोआप कळत नाही. तो आपल्या चेहऱ्यावरचे भाव वाचू शकत नाही, आपले रडणे त्याला आजार वाटू शकते, हसणे धमकी वाटू शकते. त्याला प्रत्येक गोष्ट विचारावीच लागते. आणि ज्याला कोणी कधी विचारलेच नाही, त्याच्यासाठी विचारले जाणे ही केवढी मोठी गोष्ट असते, ते मी सांगू शकत नाही.

चांदणवाट

उत्तररात्र, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मी माझे म्हणणे थोडे बदलते. जन्मजोडीच्या कथांमध्ये मला जे हवे असते ते कदाचित "हा जाणार नाही" एवढेच नसून "हा माझ्या मजल्यावर थांबेल" हे असते.

लंबवर्तुळ

एक तांत्रिक मुद्दा, ज्याचा कथेला उपयोग होऊ शकेल. पृथ्वीवरून गुरूपर्यंत प्रकाशाला पोहोचायला, ग्रहांच्या स्थितीनुसार, साधारण 33 ते 54 मिनिटे लागतात. म्हणजे शर्वरीने पृथ्वीवरच्या समुपदेशकाला काही विचारले तर उत्तर यायला तासाभराहून अधिक वेळ लागणार. समोरासमोर संभाषण शक्य नाही, फक्त पत्रे शक्य आहेत. दचकण्याच्या क्षणी तिथून कोणी मदत करू शकत नाही, पण त्या क्षणानंतर ती सावकाश लिहू शकते आणि उत्तराची वाट पाहता पाहता स्वतःचेच लिहिणे पुन्हा वाचू शकते. संपर्कमोहीम गुरूपासून फार दूर गेलेली नसेल, तर ही पत्रे कथेत जरूर ठेवा.

शांतस्वर

लंबवर्तुळ यांच्या सूचनेला माझा जोरदार पाठिंबा आहे, आणि त्याचे कारण तांत्रिक नाही. प्रेमाने उपचाराची जागा घेऊ नये. ओथ हा तिचा एकमेव आधार असला, तर तो आजारी पडला, चुकला किंवा नुसता थकला, तरी तिचे सगळे कोसळेल, आणि तिला बरे करण्याची जबाबदारी त्याच्यावर पडली तर तेही प्रेम उरणार नाही. पत्रे असली, एखादी सहकारी मैत्रीण असली, स्वतःचे काम असले, तर ओथला फक्त ओथ राहता येईल.

आठवण पुसण्याविषयी एक गोष्ट राहिली होती. 2000 साली करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू या मेंदूशास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ठरावीक आवाजानंतर विजेचा झटका बसतो, हे उंदरांना शिकवले गेले. पुढे तोच आवाज ऐकवून ती आठवण जागी केली आणि लगेच अमिग्डलामध्ये प्रथिननिर्मिती थांबवणारे औषध दिले, तर त्या आवाजाची भीती नंतर क्षीण झालेली दिसली. आठवण जागी न करता तेच औषध दिले, तर फरक पडला नाही. त्यावरून असा विचार पुढे आला की पक्की झालेली आठवणही पुन्हा उघडली जाते तेव्हा काही काळ मऊ असते आणि तिला पुन्हा घट्ट व्हावे लागते. माणसाच्या गुंतागुंतीच्या आठवणींना हा उंदरांचा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. पण लेखिकेला यातून एक प्रतिमा मिळू शकते : आठवण मऊ असते त्या वेळी शेजारी कोण आहे आणि ते कसे वागते, याला महत्त्व आहे.

संध्यामेघ

आपणा सर्वांच्या मदतीने सहावे प्रकरण चौथ्यांदा लिहिले. त्यातला मधला भाग इथे देते आहे. ओथला आता सहा बाहू आहेत आणि तो कातडीच्या रंगांनी बोलतो. ते रंग शर्वरीला वाचता येऊ लागले आहेत.

*मागे कडी वाजली. शर्वरीला आवाज ऐकू आल्याचे कळले तेव्हा तिचा खांदा आधीच भिंतीला टेकला होता आणि उजवा हात मानेशी पोहोचला होता. बोटे कडी शोधत होती. तिथे सदऱ्याची शिवण होती.*

*ओथचा एक बाहू तिच्याकडे निघाला होता. तो अर्ध्या वाटेत थांबला. मग एकेक करून त्याने पाच बाहू पाठीमागे नेले आणि सहावा जमिनीवर उताणा ठेवला, तिच्या पावलापासून हातभर अंतरावर. त्याच्या छातीवर प्रश्नाचा जांभळा रंग उमटला.*

*"हे तू केलेस, की तुझ्या हाताने केले?"*

*तिने हाताकडे पाहिले. तो अजून मानेशीच होता.*

*"हाताने," ती म्हणाली. "मला नंतर कळले."*

*"मलाही नंतरच कळते," त्याची कातडी म्हणाली. "आत्ता माझा एक तुझ्याकडे निघाला होता. मी त्याला पाठवले नव्हते. त्याला थांबवायला मला वेळ लागला. तुला तो हवा होता का?"*

*तीन वर्षांत तिला पुष्कळ काही विचारले गेले होते. झोप लागते का, औषधे घेतेस का, पुन्हा कामावर कधी येणार. हवे आहे का, असे कोणी विचारले नव्हते. उत्तर द्यायला तिला इतका वेळ लागला की जांभळा रंग एकदा विझून पुन्हा उमटला.*

*"आज नको," ती म्हणाली.*

*ती वाट पाहत राहिली. "नको" म्हटल्यावर काहीतरी घडते, हे तिला ठाऊक होते : कोणी दुखावते, कोणी समजूत घालते, कोणी निघून जाते. ओथच्या कातडीवर साधा, रोजचा राखाडी रंग आला. तो होता तिथेच बसला. जमिनीवरचा बाहू त्याने उचलला नाही आणि पुढेही सरकवला नाही.*

त्या रात्री ती पृथ्वीवर पत्र लिहिते आणि त्यात फक्त एवढेच असते की आज मी नको म्हणाले. अकराव्या प्रकरणात ती स्वतः हात पुढे करते. चूषक तिच्या तळव्याला लागतात, पण धरत नाहीत. ओथला स्वतःलाही त्याचे आश्चर्य वाटते.

सागरतळ

"ओथला स्वतःलाही त्याचे आश्चर्य वाटते" हे वाक्य कापू नका. फक्त त्या आधी, सातव्या किंवा आठव्या प्रकरणात, बाहूने तिला चुकून एकदा घट्ट धरलेले दाखवा. चूषक सुटताना कातडीवर लालसर गोल वळ राहतात. त्या वळांविषयी दोघांना बोलावे लागेल, आणि अकराव्यात न धरण्याची किंमत वाचकाला तेव्हाच कळेल.

उत्तररात्र

"आज नको" यातला "आज" मला फार आवडला. एक विनंती आहे. शेवटच्या प्रकरणातही कडी वाजू दे. मी आता लिफ्टने जाते, पण दार मिटताना अजूनही श्वास धरते, आणि ते लपवावेसे वाटत नाही.

संध्यामेघ

सागरतळ, वळांचा प्रसंग आठव्या प्रकरणात घालते आहे.

उत्तररात्र, कडी वाजेल. शर्वरीचा हात मानेशी जाईल, आणि ओथचा एक बाहूही निघेल. दोघेही आपापल्या हातांकडे पाहतील, आणि मग ते ज्या कामाला निघाले होते त्या कामाला पुढे जातील.